रूडॉल्फ, एब्राहम

रूडॉल्फ, एब्राहम : बालहृदयरोगतज्ज्ञ व गर्भस्थ रक्ताभिसरणाचे संशोधक. जन्म १९२४, जोहान्सबर्ग (दक्षिण आफ्रिका). तेथील विटवॉटर्सरँड विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते अमेरिकेस गेले. बॉस्टन व न्यूयॉर्क येथे काम केल्यावर १९६६ पासून ते सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात होते. ‘कन्जेनिटल डिसीजेस ऑफ द हार्ट’ हा त्यांचा ग्रंथ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. अकाली जन्मलेल्या बालकांच्या हृदयाजवळची उघडी वाहिनी औषधाने बंद करण्याशी त्यांचे नाव जोडले जाते. परंतु त्यांचे मोठेपण त्या औषधाआधीच्या मोजणीत शोधावे लागते. नवजाताचे हृदय, फुफ्फुसे आणि मूत्रपिंडे एकाच रक्तप्रवाहाचे वाटेकरी आहेत. एकावर उपचार करताना उरलेल्या दोघांचाही हिशेब करावा लागतो, ही दृष्टी त्या मोजणीने पक्की केली.

गर्भाला प्राणवायू वारेतून मिळतो. फुफ्फुसे द्रवाने भरलेली आणि त्यांच्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असल्यामुळे फुफ्फुस-धमनीतले बरेचसे रक्त ‘डक्टस आर्टेरिओसस’ या आखूड वाहिनीतून परस्पर महाधमनीत जाते. ही वाट शरीररचनाशास्त्राला जुनी होती. कोणत्या अवयवाला किती रक्त पोहोचते, हे मोजणे मात्र अवघड होते. रूडॉल्फ व मायकेल हायमन यांनी १९६७ मध्ये मेंढीच्या गर्भात किरणोत्सारी सूक्ष्म गोळ्या सोडण्याची पद्धत मांडली. रक्ताबरोबर वाहत जाऊन त्या केशवाहिन्यांत अडकतात. मग प्रत्येक अवयवातील किरणोत्सार मोजला की त्याच्या वाट्याचा प्रवाह कळतो. पूर्ण दिवस भरत आलेल्या कोकराच्या गर्भात हृदयाच्या दोन्ही बाजूंनी फेकलेल्या एकूण रक्तापैकी सुमारे ४० टक्के वारेकडे, १० टक्क्यांहून कमी फुफ्फुसांकडे आणि जेमतेम २-३ टक्के मूत्रपिंडांकडे जाते, असे अशा मोजण्यांतून दिसले. जन्मानंतर काही काळातच ही सारी वाटणी बदलावी लागते.

अकाली जन्मलेल्या बालकात ती नीट बदलत नाही. श्वास सुरू झाल्यावर रक्तातील प्राणवायू वाढतो, वाहिनी खुली ठेवणारे प्रोस्टाग्लँडिन घटते आणि एरवी डक्टस आकसतो. अपुऱ्या दिवसांच्या बालकात तो अनेकदा उघडाच राहतो. फुफ्फुसांतील रोध उतरू लागला की महाधमनीतले रक्त उलट फुफ्फुसांत शिरते. फुफ्फुसे रक्ताने तुंबतात, हृदयाचे काम वाढते आणि मूत्रपिंडांना रक्त कमी पडते. डक्टस शस्त्रक्रियेने बांधणे रॉबर्ट ग्रॉस यांनी १९३८ मध्ये बॉस्टनला यशस्वी करून दाखवले होते, पण ती रुग्ण सात वर्षांची मुलगी होती. इवल्या बालकांसाठी हायमन, रूडॉल्फ व नॉर्मन सिल्व्हरमन यांनी १९७६ मध्ये प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखणारे इंडोमेथॅसिन वापरले. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या त्याच अंकात कॅलिफोर्नियातील दुसऱ्या गटाचाही तसाच प्रयोग आला, म्हणून हे श्रेय एकट्याचे नव्हे. मूत्रपिंडातील रक्तवाहिन्या खुल्या ठेवण्याचे कामही प्रोस्टाग्लँडिनच करते. त्यामुळे या औषधाने डक्टस मिटला तरी लघवीचे प्रमाण घटू शकते. आयबुप्रोफेनचा डक्टसवरील परिणाम तेवढाच, पण लघवीतील घट कमी, असे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत आढळले. औषधाची निवड मूत्रपिंडाच्या सोयीने होऊ लागली, हा त्या एकत्र हिशेबाचाच परिणाम होय.

या कार्यावर पहिला आक्षेप असा की, कोकरू म्हणजे मूल नव्हे. तो रास्त आहे. मानवी गर्भाच्या डॉप्लर तपासण्यांत फुफ्फुसांचा वाटा कोकरापेक्षा मोठा निघाला, आणि मानवी मेंदू मोठा असल्याने त्याकडेही अधिक रक्त जाते. मात्र या तपासण्यांनी आकडे सुधारले. डक्टसमधून रक्त वळते व जन्मानंतर वाटणी पालटते, हा सांगाडा टिकला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जन्मतःच सरसकट इंडोमेथॅसिन दिल्याने डक्टस उघडा राहण्याचे आणि मेंदूतील तीव्र रक्तस्रावाचे प्रमाण घटले, पण अपंगत्वाविना जगण्याचे प्रमाण वाढले नाही, असे २००१ च्या मोठ्या चाचणीत दिसले. २०२४ च्या ब्रिटिश चाचणीतही लवकर आयबुप्रोफेन देऊन मृत्यू किंवा फुफ्फुसांचा दीर्घ विकार कमी झाला नाही. मग डक्टस बंद करण्याचा खटाटोप व्यर्थ ठरला काय? तसा निष्कर्ष घाईचा होईल. अनेक बालकांत डक्टस आपोआप मिटतो. त्या सर्वांना औषध देणे म्हणजे लाभाविना मूत्रपिंडांवर भार टाकणे. या चाचण्यांनी खोडली ती ‘उघडा दिसला की बंद करा’ ही रीत. नेमक्या कोणत्या बालकात वळलेले रक्त इतर अवयवांना घातक ठरते, हा प्रश्न त्यांनी उलट अधिक तीव्र केला, आणि तो मुळात प्रवाहाच्या वाटणीचाच प्रश्न आहे. म्हणून रूडॉल्फ यांच्या कार्याचे मूल्य एखाद्या औषधाच्या यशापयशावर ठरवू नये. आज ते औषध रोखून धरण्याचा निर्णयही त्यांनी मोजायला घेतलेल्या वाटणीच्याच आधारे घ्यावा लागतो.