हँडल, डायल आणि आपला चुडावा

बोटाने फिरवायचा काळा फोन आता दिवाणखान्यातली शोभेची वस्तू झाला आहे. सिनेमात जुना काळ दाखवायचा असला की तो हमखास टेबलावर दिसतो, आणि "आठवतोय का?" असे विचारत त्याचे फोटो व्हॉट्सअॅपवर फिरत असतात. आपल्याला तो आठवतोही. पण चुडाव्यात किंवा आसपासच्या खेड्यांत तो किती घरांत होता? मी गेली काही वर्षे असे जुने फोन घरी दुरुस्त करते आणि वापरतेही. त्यांचा इतिहास वाचताना लक्षात आले, की हा जुना काळ मुख्यतः शहरांचा आहे. आपल्या भागात टेलिफोन वेगळ्या वाटेने आला. ती वाट स्मरणिकेत नोंदवावी म्हणून हा लेख.

मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले ते १८८२ साली. तेव्हा डायल नव्हती. फोन उचलायचा, ऑपरेटरला नंबर सांगायचा, आणि ऑपरेटर बोर्डावरच्या भोकात दोरीची पिन खुपसून जोडून देणार. ही पद्धत मोडली ती अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या अल्मन स्ट्रोजरने. त्याचा धंदा अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा. गावातली ऑपरेटर आपली गिऱ्हाइके दुसऱ्याकडे वळवते, असा त्याला संशय होता म्हणतात. त्याने ऑपरेटरशिवाय चालणाऱ्या एक्स्चेंजचे पेटंट १८९१ मध्ये मिळवले. फिरवायची डायल १८९६ मध्ये आली. म्हणजे डायलचा जन्मच मधल्या माणसाला वगळण्यासाठी झाला.

भारतात पहिले स्वयंचलित एक्स्चेंज १९१३-१४ मध्ये शिमल्याला बसले. इंग्रज सरकारची उन्हाळी राजधानी तिथे होती, यातच सगळे आले. स्वातंत्र्याच्या वेळी अख्ख्या देशात सुमारे ८० हजार फोन होते. १९४८ मध्ये बंगळूरला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज म्हणजे आयटीआय हा सरकारी कारखाना निघाला आणि डायलचे फोन देशात बनू लागले. १९६० मध्ये कानपूर-लखनौ दरम्यान थेट एसटीडी सुरू झाली. पण मागणी इतकी आणि फोन इतके थोडे, की शहरातही अर्ज करून वर्षानुवर्षे थांबावे लागे.

आपला मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज लोहमार्ग १९०० च्या सुमारास झाला आणि रुळांच्या कडेने तारांचे खांब आले. मार्ग एकेरी, त्यामुळे पुढच्या स्टेशनाकडून 'लाइन क्लिअर' मिळाल्याशिवाय गाडी सोडता येत नसे. पूर्णा आणि नांदेड यांच्यामधल्या आपल्या स्टेशनाला तार ही चैन नव्हती, गाड्यांच्या सुरक्षिततेची गरज होती.

लहान गावांतल्या सार्वजनिक फोनला बहुधा हँडलच असे. ते फिरवले की आतले छोटे जनित्र वीज तयार करी आणि पलीकडे ऑपरेटरकडे खूण होई. मग ट्रंक कॉल बुक करायचा आणि वाट पाहत बसायचे. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे दर्जे होते. लाइटनिंगला साध्याच्या आठपट पैसे. ठरावीक माणूस आला तरच जोडून द्या, असा पी.पी. कॉलही असे. ऑपरेटर सारे ऐकू शकत असे. पण "ते आत्ताच बाहेर गेलेत, तासाभराने लावते" असा निरोपही तोच देत असे. स्ट्रोजरने ज्याला वगळले, तो मधला माणूस आपल्याकडे कित्येक दशके टिकला. दवाखान्याची, मयताची, नोकरीची बातमी त्याच्याच हातून गावात आली.

आता डायलचे काम कसे चालते ते सांगते. आकड्याच्या भोकात बोट घालून डायल फिरवताना आतली स्प्रिंग ताणली जाते. बोट सोडल्यावर डायल मागे येते आणि मागे येतानाच आकडा पाठवते. पाचसाठी तारेतला प्रवाह पाच वेळा तुटतो, शून्यासाठी दहा वेळा. वेग सेकंदाला दहा ठोक्यांचा. हा वेग राखायला आत एक छोटा गव्हर्नर असतो, त्यामुळे तुम्ही घाई केली तरी डायल आपल्याच चालीने परतते. पूर्वी बिल वाढू नये म्हणून डायलला छोटे कुलूप घालत. हुशार मंडळी रिसीव्हर ठेवायची खुंटी बोटाने टकटक दाबून नंबर लावत. आकडा म्हणजे ठोकेच, मग ते डायलने दिले काय आणि बोटाने दिले काय!

हे ठोके मोजले तर आपले अंतरही कळते. दिल्लीचा कोड ०११, म्हणजे बारा ठोके. मुंबईचा ०२२, चौदा. परभणीचा ०२४५२, तेवीस. नांदेडचा ०२४६२, चोवीस. राजधानी बोटालाही जवळ होती.

चित्र बदलले ते १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाल्यावर. तिच्यामागचे सॅम पित्रोदा ओडिशातल्या टिटलागढचे. अमेरिकेला जाईपर्यंत त्यांनी स्वतः कधी फोन वापरला नव्हता. परदेशी एक्स्चेंजला वातानुकूलित खोली लागे. सी-डॉटने १२८ लाइनींचे ग्रामीण एक्स्चेंज केले ते धूळ आणि ऊन सोसणारे. असे पहिले एक्स्चेंज १९८६ मध्ये कर्नाटकात कित्तूरला सुरू झाले. परभणीचा मे महिना ज्यांनी काढला आहे, त्यांना या गुणाचे मोल वेगळे सांगायला नको.

गावोगावी ही एक्स्चेंजे पोचेपर्यंत बाजारात बटणांचे फोन आले होते. त्यामुळे असंख्य खेडी हँडलवरून थेट बटणांवर आली. डायलचा जमाना त्यांनी जवळजवळ ओलांडूनच टाकला. आपल्या पिढीच्या आठवणीत खरा फोन आहे तो एसटीडी बूथचा: काचेचे दार, लाल आकड्यांत पळणारे मीटर, आणि पाव दरासाठी रात्री उशिरापर्यंत थांबलेली रांग. गंमत म्हणजे त्या बटणांच्या फोनवर 'पल्स' असे एक बटण असे. ते लावले की तोही जुन्या डायलसारखेच ठोके पाठवी. डायल गेली, तिची भाषा मागे राहिली.

या भाषेमुळेच जुना फोन आजही चालू होऊ शकतो. जुन्या बाजारात मिळणारे आयटीआयचे फोन बहुधा मेलेले नसतात, फक्त आखडलेले असतात. गव्हर्नरमधले तेल वाळून डायल मंदावते. साफ करून हलक्या तेलाचा एक थेंब पुरतो. संपर्काच्या पट्ट्यांमध्ये कोरा कागद ओढला की गंज निघतो. आवाज खरखरीत असेल तर माउथपीसमधले कार्बनचे कण चिकटलेले असतात. रिसीव्हर तळहातावर आपटला की ते सुटे होतात. एक मात्र पाळा: उघडण्याआधी लाइन काढा. घंटा वाजताना तारेत ७५ व्होल्टच्या आसपास वीज असते, चांगला झटका बसतो.

तांब्याच्या जुन्या लाइनीवर असा फोन अनेकदा थेट चालतो. फायबरच्या काही मोडेमना ठोके कळत नाहीत. तिथे मी एक छोटी चिप मध्ये बसवते. ती ठोके मोजते आणि त्यांचे बटणांच्या सुरांत रूपांतर करते. तिच्यासाठी लिहिलेला प्रोग्राम अगदी लहान आहे. अवघड भाग एकच: एक आकडा संपून दुसरा कधी सुरू झाला हे ओळखणे. त्यासाठी दोन ठोक्यांमधली शांतता मोजावी लागते. स्ट्रोजरच्या यंत्रालाही नेमके हेच करावे लागे. एवढे मोठे एक्स्चेंज काय करत असे, ते या चार ओळी लिहिताना मला उमगले. अभियांत्रिकीच्या चार वर्षांत ते असे हाताला लागले नव्हते.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना दोन विनंत्या. कुणाकडे हँडलचा किंवा डायलचा फोन पडून असेल तर तो भंगारात घालू नका, शाळेच्या प्रयोगशाळेला द्या. तो चालू करून द्यायचे काम माझे. मुलांना स्क्रू काढून आत पाहता येईल असे यंत्र आता दुर्मीळ आहे. दुसरी विनंती जास्त घाईची आहे. तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, की गावातला त्यांचा पहिला फोन कुठून झाला, कुणी जोडून दिला आणि बातमी काय होती. ते लिहून शाळेकडे पाठवा. दिल्ली-मुंबईच्या एक्स्चेंजचा इतिहास छापलेला आहे. चुडाव्याचा अजून माणसांच्या आठवणीतच आहे, आणि ती माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत.