धरणाआड आलेले छायाचित्र

२८ मार्च १९९६ : टास्मानियातील वेस्टर्न आर्थर डोंगररांगेत छायाचित्रे टिपत असताना पीटर डोम्ब्रोव्हस्किस यांचे हृदयविकाराने निधन झाले. वय ५१.

फ्रँकलिन नदीवरील ‘रॉक आयलंड बेंड’ या त्यांच्या छायाचित्रात माणूस नाही, प्राणी नाही. केवळ धुके, खडक आणि पाणी. या नदीचे खोरे बुडवू शकणाऱ्या नियोजित धरणाच्या विरोधकांनी ऑस्ट्रेलियाच्या १९८३च्या निवडणुकीत ते वृत्तपत्रांत पानभर, रंगीत छापून आणले. बहुसंख्य मतदारांनी ती नदी कधी पाहिलेलीही नव्हती. त्या निवडणुकीतला सत्तापालट एकट्या छायाचित्राने झाला नाही, हे खरेच; पण दूरच्या दुर्गम खोऱ्याचा प्रश्न घराघरांत त्यानेच नेला. १ जुलै १९८३ रोजी ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी धरण रोखू पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या बाजूने कौल दिला आणि धरण रद्द झाले. फ्रँकलिन आजही बांधाविना वाहते.