ज्याला विकायचंय, त्याने भाषा शिकायची
घरातल्या बोलक्या स्पीकरचा इतिहास, बाजाराच्या दारातून

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

आत येताना तुम्ही सगळे एपीएमसी मार्केटच्या गर्दीतून आलात. ट्रकचे हॉर्न, हमालांचं ‘बाजू, बाजू’, गाळ्यावरचे भावताव. हे सगळं कानात घेऊनच बसला आहात. ते तसंच कानात असू द्या, आज त्याचा उपयोग आहे. विषय आहे घरातले वायरलेस स्पीकर आणि त्यांना तोंडाने हुकूम देण्याची सोय. विषय नवा वाटतो, पण त्याचा इतिहास सत्तर वर्षांहून जुना आहे, आणि त्यातलं एक महत्त्वाचं पान मराठीतलं आहे. ते फारसं कुणाला माहीत नसतं, म्हणून आज बोलायचं.

सुरुवात घरापासून करतो. आमचे आबा माथाडी कामगार. मूळ गाव सातारा जिल्ह्यात. आधी मशीद बंदरला धान्याच्या गोण्या वाहिल्या, मग १९९० च्या सुमारास धान्यबाजार इकडे वाशीला हलला, तेव्हा त्याच्याबरोबर तेही आले. पुढे १९९६ मध्ये भायखळ्याचा भाजीपाला आणि क्रॉफर्ड मार्केटची फळंही आली. आम्ही कोपरखैरण्यात राहायला लागलो. दोन वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने घरात एक बोलका स्पीकर आणून ठेवला. संध्याकाळी अभंग लागले होते, आवाज जरा मोठा होता. आबा खुर्चीतूनच म्हणाले, “ए, आवाज बारीक कर.” काही झालं नाही. “अगं बाई, जरा हळू कर की!” तरी नाही. भाचा म्हणाला, “आबा, तिचं नाव घ्या आधी, आणि मग व्हॉल्यूम डाऊन म्हणा.” तिसऱ्या प्रयत्नाला आबांचं ‘व्हालूम डाऊन’ तिला समजलं. अभंग बारीक झाले. आबा थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “गाळ्यावर तीस वर्षं शेठला मराठी बोलायला लावलं, आणि ह्या डबड्यासाठी मी इंग्रजी बोलू?” (हशा)

तुम्ही हसलात, आम्हीही हसलो होतो. पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला वाटतं, आबांचा प्रश्न अगदी नेमका होता. घरात कोणत्या भाषेत बोलायचं, हे एखाद्या वस्तूने ठरवावं, असं आधी कधी झालं होतं का?

रेडिओ आठवून बघा. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचं केंद्र सुरू झालं. पुढे रेडिओ घराघरांत गेला, त्याचा परवाना पोस्टातून काढावा लागायचा. रेडिओ आपलं काही ऐकत नव्हता. तो फक्त बोलायचा. पण बोलायचा आपल्या भाषेत. ‘आपली आवड’ होती, कामगार सभा होती, बाजारभाव होते. त्याचा कान पिळला की आवाज कमी. कान पिळायला भाषा लागत नाही. म्हणजे सूत्र असं होतं: यंत्र आपल्या भाषेत बोलतं आणि आपण त्याला हाताने चालवतो. बोलक्या स्पीकरने यातला हात काढून घेतला आणि त्या जागी जीभ आणली. हात सगळ्यांचे सारखे असतात हो, जिभा सारख्या नसतात. सगळी भानगड तिथे आहे.

आता यंत्राला ऐकायला कसं शिकवलं, ते भराभर सांगतो. १९५२ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये ‘ऑड्री’ नावाचं यंत्र झालं. शून्य ते नऊ एवढे आकडे ओळखायचं, तेही प्रत्येक आकड्यानंतर थांबून बोललं तर, आणि ओळखीचा आवाज असेल तर. १९६२ मध्ये आयबीएमने ‘शूबॉक्स’ दाखवला, त्याला सोळा शब्द येत होते. १९७६ पर्यंत कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘हार्पी’ तयार झाली, तिला हजाराच्या वर शब्द यायचे. ज्या गटात हे झालं त्याचे प्रमुख राज रेड्डी, आपल्याकडचेच, आंध्रातून गेलेले. हे सगळं काम बहुतांशी इंग्रजीवर झालं. पैसा तिथला, प्रयोगशाळा तिथल्या, आवाजही तिथले.

दुसऱ्या बाजूला घरातलं संगीत. खोल्याखोल्यांत बिनतारी स्पीकर ठेवायचे आणि सगळीकडे एकच गाणं वाजवायचं, ही कल्पना सोनोस कंपनीने २००५ मध्ये बाजारात आणली. चालवायला हातात धरायचा एक जाडजूड रिमोट होता. पुढे ते काम मोबाईलने घेतलं. मग नोव्हेंबर २०१४ मध्ये ॲमेझॉनचा ‘एको’ आला, त्याच्या डोक्यावर सात मायक्रोफोन. सात कशाला? आवाज कोणत्या बाजूने आला ते कळायला. प्रत्येक मायक्रोफोनपर्यंत आवाज किंचित पुढेमागे पोचतो, त्या फरकावरून यंत्र दिशा काढतं आणि त्या बाजूला कान लावतं. शिवाय स्पीकर स्वतःच गाणं वाजवत असतो, त्या गोंगाटात तुमची हाक ऐकायची. मग तो काय करतो? आपण काय वाजवतोय हे त्याला माहीत असतं, तेवढं ऐकलेल्या आवाजातून वजा करतो, आणि उरतं त्यात तुम्हाला शोधतो. आमचे आबा हेच करायचे. शेजारी ट्रक घरघरत असताना तो आवाज सोडून मुकादमाची हाक तेवढी उचलायची.

पण लोकांच्या घरात आधीच घेतलेले महागडे स्पीकर होते, त्यांना कान नव्हतेच. त्यांचं काय? ऑक्टोबर २०१७ मध्ये सोनोसने दोन गोष्टी केल्या. मायक्रोफोन असलेला नवा स्पीकर काढला, आणि जुने स्पीकर ॲलेक्साच्या दुसऱ्या यंत्राकडून चालवता येतील अशी जोडणी दिली. आता रस्ता बघा. तुम्ही दिवाणखान्यात बोलता. छोट्या यंत्राचे कान ते ऐकतात. तुमचा आवाज ॲमेझॉनच्या सर्व्हरवर जातो, तिथे अर्थ लागतो, हुकूम सोनोसच्या सर्व्हरवर जातो, आणि तिथून परत तुमच्याच दिवाणखान्यातल्या, चार हातांवरच्या स्पीकरला येतो. पनवेलच्या बाजूची भेंडी वाशीला यावी, इथे तोलली जावी आणि पुन्हा पनवेलच्याच मंडईत जावी, तसं हे. माल घरचाच, फेरा मोठा, आणि वाटेत प्रत्येकाची दलाली. फक्त इथे दलाली पैशात नसते, माहितीत असते.

याच महिन्यात, ऑक्टोबर २०१७ मध्ये, एको भारतात जाहीर झाला. भाषा इंग्रजी, भारतीय वळणाची. एप्रिल २०१८ मध्ये गूगल होम आला. ॲलेक्सा सप्टेंबर २०१९ मध्ये हिंदी शिकली. ऑगस्ट २०१८ मध्ये मराठी गूगल असिस्टंटपर्यंत पोचली, पण फोनवर. आमच्या घरातल्या डब्याची भाषा मात्र इंग्रजी-हिंदीच राहिली.

यावर नेहमी एक उत्तर मिळतं: मराठी अवघड आहे. अवघड आहेच. इंग्रजीत ‘किचन’ हा शब्द तसाच राहतो. आपण स्वयंपाकघर, स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातला, स्वयंपाकघरातल्याला म्हणतो, आणि यंत्राच्या दृष्टीने हे चार वेगळे शब्द. आवाज कमी करायला कुणी ‘हळू कर’ म्हणतं, कुणी ‘बारीक कर’, कुणी ‘लहान कर’. शिवाय ‘हॉलमधला स्पीकर ऑफ कर’ ही आपली रोजची मराठी. पण अवघड म्हणजे अशक्य का? इथेच ते पान उघडायचं, सुरुवातीला म्हटलं ते.

२०१० च्या आसपास केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या मदतीने एक प्रकल्प चालला. शेतमालाचे भाव बोलून विचारता यावेत, हे त्याचं काम. सहा भाषा: असमिया, बंगाली, हिंदी, मराठी, तमिळ, तेलुगू. मराठीचं काम मुंबईत झालं, टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि आयआयटी मुंबईत. शेतकऱ्याने साध्या फोनवरून नंबर लावायचा. यंत्रणा विचारणार, कोणता बाजार, कोणता माल. त्याने मराठीत उत्तर द्यायचं. सरकारच्या ॲगमार्कनेटवरचा भाव त्याला ऐकू येणार. हे शिकवण्यासाठी खऱ्या शेतकऱ्यांचे आवाज फोनवर गोळा केले गेले, वेगवेगळ्या जिल्ह्यांतले, मागे वाहनं, माणसं, वारा असं सगळं असलेले.

लक्षात घ्या, एको जगात कुठेच नव्हता तेव्हा. आणि मराठीत बोलून यंत्राला विचारायची गोष्ट कोणती ठरली? गाणं नाही, हवामान नाही. बाजारभाव! जो भाव या दाराबाहेर ठरतो, तो.

मग ती यंत्रणा का उभी राहिली आणि घरातला स्पीकर का अडला? माझं म्हणणं असं: शेतकरी इंग्रजीकडे वळेल असं कुणी गृहीत धरलं नव्हतं. तो वळणार नाही, म्हणून यंत्राला वळावं लागलं. घरातल्या स्पीकरचं गिऱ्हाईक मात्र आपण, शिकलेले. आपण पहिल्या दिवशीच वळलो. आबांनाही वळवलं.

या बाजाराचा नियम उलटा आहे. इथे कच्छी, गुजराती व्यापारी आहेत, साताऱ्या-पुण्याकडचे माथाडी आहेत, उत्तरेतले खरेदीदार आहेत. ज्याला विकायचंय तो समोरच्याची भाषा शिकतो. आबांच्या शेठने मराठी शिकली ती प्रेमाने नव्हे, गोणी वेळेत उतरवायची होती म्हणून. गिऱ्हाईक भाषेसाठी अडून बसलं की विकणारा शिकतो.

या बाजाराची आणखी एक शिकवण, ती थोडक्यात. फळबाजारात आंब्याचा सौदा रुमालाखाली होताना तुमच्यातल्या काहींनी पाहिला असेल. बोटं धरून भाव ठरतो, तोंडातून शब्द नाही. शेतकऱ्याला त्यातून भाव कळत नाही, ही त्या पद्धतीवरची टीका रास्तच आहे. पण एक गोष्ट बाजाराला पक्की ठाऊक होती: बोललेलं कुणीतरी ऐकत असतं. २०१९ मध्ये बातम्या आल्या की अशा स्पीकरवरचे काही आवाज कंपन्यांनी नेमलेली माणसं तपासणीसाठी ऐकतात, आधी ॲमेझॉनबद्दल, मग गूगलबद्दल. तेव्हा अनेकांना धक्का बसला. स्पीकरवर मायक्रोफोन बंद करायचं बटण असतं. तो आपला रुमाल. तो वापरायचा. जून २०२२ मध्ये सोनोसने अमेरिकेत स्वतःची व्यवस्था आणली, ती हुकमाचा अर्थ स्पीकरवरच लावते, आवाज बाहेर पाठवत नाही. म्हणजे लांबचा फेरा टाळता येतो. तिची पहिली भाषाही इंग्रजीच.

मग करायचं काय? दोन गोष्टी. फोनवर मराठी चालते तिथे मराठीतच बोला. चुकली तर पुन्हा बोला, लगेच इंग्रजीकडे जाऊ नका. आणि मोझिलाचा ‘कॉमन व्हॉइस’ नावाचा खुला उपक्रम आहे, त्यात मराठी आहे. तिथे कुणीही वाक्यं वाचून आवाज देऊ शकतं. प्रमाण भाषा बोलणाऱ्या पुण्या-मुंबईच्या तरुणांचेच आवाज गेले, तर यंत्र तेवढ्यांचंच ऐकेल. म्हणून आपल्या आईचा, आत्याचा, गावाकडच्या काकांचा आवाज द्या.

आबांचा मी दिलाय. वाचताना त्यांनी दोन वाक्यं स्वतःच्या मनाने बदलली, ती मला पुन्हा वाचून घ्यावी लागली. स्पीकर अजून घरात आहे. आबा त्याच्याशी बोलत नाहीत, उठून हाताने आवाज बारीक करतात. गुडघे दुखतात, तरी.

आता प्रश्न घेऊया.