बोटीतलं गोडं पाणी

नांगरून ठेवलेल्या बोटीच्या चारी बाजूंना पाणी, पण पिण्याजोगं तांब्याभरही नाही. खारं पाणी प्यायलं तर तहान वाढतेच. म्हणून बोट किनाऱ्याला आली की गोडं पाणी भरून घ्यावं लागतं. धक्क्यापासून लांब उभी असेल तर होडीतून पाणी न्यायचं. डोक्यावर हंडा नसला तरी खेप ती खेपच!

मुंबई बंदर वाढलं तेव्हा गावाची भिस्त विहिरी-तलावांवर होती. 1860 मध्ये विहार तलावाचं पाणी नळानं आलं. 1892 मध्ये तानसाचं. तरी पुरेना. शहर पाण्यासाठी डोंगराकडे सरकत राहिलं आणि 1973 मध्ये आपल्या इगतपुरीपर्यंत आलं. तिथलं अप्पर वैतरणा धरण त्याच सालचं. वैतरणा त्र्यंबकच्या डोंगरातली, गोदावरीची सख्खी शेजारीण. गोदा पूर्वेला गेली, ही पश्चिमेला. धरणातून सोडलेलं पाणी खाली मोडक सागरात जातं, तिथून मुंबईला.

मासेमारीची बोट समुद्रात निघण्याआधी डिझेल, बर्फ आणि गोडं पाणी भरते. मुंबईच्या धक्क्यावर नळाचं पाणी भरलं, तर त्यात आपल्या डोंगरावरचा पाऊसही असतो. आणि त्याच डोंगरातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन झऱ्यावर उतरतात.

धरणांची सालं पुस्तकांत सापडतात. आपल्या खेपा कुठल्या वहीत आहेत? येत्या बैठकीत प्रत्येकीनं एका दिवसाच्या खेपा आणि लागलेला वेळ सांगावा. आपण तो गटाच्या वहीत लिहू, तारीख घालून.