मीठ, डिझेल आणि बर्फ : मिरकरवाड्याच्या धक्क्यावरून सवलतींचा इतिहास

महाराष्ट्राच्या औद्योगिकीकरणाचा इतिहास मराठीत बहुधा १९६२ पासून सांगितला जातो. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९६४ मध्ये राज्याची पहिली सामूहिक प्रोत्साहन योजना आली, आणि तेव्हापासून ‘शासनाने सवलत द्यावी, उद्योजकाने यावे, गाव वाढावे’ हे कथानक रूढ झाले. उद्योजक जेथे आला नाही त्या प्रदेशाच्या नावापुढे ‘मागास’ हे विशेषण लागले. रत्नागिरी जिल्हा दीर्घकाळ या विशेषणाचा धनी राहिला. या कथानकातील आकडे आम्हांस खोडावयाचे नाहीत. ते ज्या जागेवरून सांगितले जाते ती जागा मात्र या लेखापुरती बदलून पाहावयाची आहे.

ती जागा म्हणजे रत्नदुर्गाजवळचे मिरकरवाडा बंदर. नौका, इंजिने, जाळी, डिझेल, बर्फ, मासळीचा लिलाव, वाहतूक आणि जून-जुलैची सक्तीची विश्रांती असे या बंदराचे अर्थचक्र आहे. यात भांडवल आहे, जोखीम आहे, मजुरी आहे, दूरच्या बाजारपेठाही आहेत. उद्योगाची सारी लक्षणे येथे दिसतात, परंतु हा उद्योग कोणी आमंत्रण देऊन आणलेला नाही. म्हणूनच सवलतींचा इतिहास येथून पाहिला की एक वेगळा प्रश्न पुढे येतो : सवलत देताना शासन ‘उद्योजक’ कोणाला म्हणते?

‘सवलत’ हा शब्द अरबी ‘सुहूलत’ या शब्दावरून आला, त्याचा मूळ अर्थ सोपेपणा. कल्पना मात्र जुनी आहे. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्याला दिला जाणारा कौल, पहिल्या वर्षांत थोडा आणि पुढे क्रमाने वाढत जाणारा इस्तावा, नवी पेठ वसवताना व्यापाऱ्यांना काही वर्षे दिलेली जकातमाफी ही सारी आजच्या करसवलतीची पूर्वरूपेच होत. १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळच्या अधिकाऱ्याला पाठविलेले मिठाविषयीचे पत्र इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. पोर्तुगीजांच्या बारदेशातील मीठ स्वस्त पडत असल्याने व्यापारी तिकडे वळतील, तेव्हा ते मीठ आपल्याकडील मिठापेक्षा महाग पडेल अशी जकात बसवावी, असा त्याचा आशय आहे. बाहेरच्याला बोलावण्यापेक्षा येथल्या मिठागराचे जगणे सोपे करणे हा त्यामागचा हेतू होता. कर हे धोरणाचे साधन आहे, ही जाण कोकण किनाऱ्याला साडेतीनशे वर्षांपासून आहे.

इंग्रजी अमदानीत हेच मीठ पुन्हा प्रश्नाच्या केंद्रस्थानी आले. मिठावरील कर १८८२ मध्ये मणाला दोन रुपये होता. १८८८ मध्ये तो अडीच रुपये झाला. एक मण म्हणजे सुमारे ३७ किलो. बर्फ आणि शीतगृह नसलेल्या काळात खारवणे आणि सुकवणे हेच मासळी टिकवण्याचे मार्ग होते. साहजिकच मिठाचा कर हा घरातील चिमूटभर मिठापेक्षा मासळीच्या धंद्यावर अधिक भारी पडे. त्यावर उपाय म्हणून सरकारने पश्चिम किनाऱ्यावर मासळी खारवण्याची आवारे उघडली. रत्नागिरी आणि कारवार हे जिल्हे त्यांत होते. या आवारांत मच्छीमारांना करमुक्त मीठ मिळे.

सवलत खरी होती, मात्र तिला कुंपण होते. करमुक्त मीठ बाहेर जाऊन बाजारात विकले जाऊ नये यासाठी आवार बंदिस्त असे, मीठ मोजून दिले जाई आणि खारवण्याचे काम मीठखात्याच्या देखरेखीखाली चाले. मासळी मिठाकडे न्यायची, मीठ मासळीकडे येणार नाही. जी बाई आपल्या अंगणात चार टोपल्या मासळी खारवून आठवड्याच्या बाजाराला नेत असे, तिला कर भरलेलेच मीठ विकत घ्यावे लागणार हे या व्यवस्थेतच अध्याहृत होते. आवाराच्या आत असेल तो उत्पादक आणि बाहेर असेल तो केवळ गिऱ्हाईक, अशी ही विभागणी होती. आमच्या मते ‘उद्योग’ या शब्दाची किनाऱ्यावरील पहिली सरकारी व्याख्या कायद्याच्या कलमाआधी या कुंपणाने केली.

पुढे मे १९३० मध्ये शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. शिरोडे तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होते, आणि वि. स. खांडेकर १९२० पासून तेथे शिक्षक होते, हे साहित्याच्या अभ्यासकांना सांगावयास नको. मिठाचा कर अखेर १९४७ मध्ये रद्द झाला. राष्ट्रीय आंदोलनाच्या इतिहासात मीठ हे स्वातंत्र्याचे प्रतीक म्हणून स्थिरावले आणि ते योग्यच होते. पण प्रतीक मोठे झाले की त्यामागची वस्तू लहान होते. मासळी खारवणाऱ्या हातांसाठी मीठ हा कच्चा माल होता, ही गोष्ट त्या प्रतीकाच्या सावलीत राहून गेली.

१९६४ नंतरच्या प्रोत्साहन योजनांचे तर्कशास्त्र निराळे होते. मुंबई-पुणे पट्ट्यात दाटलेले कारखाने मागास भागांत जावेत म्हणून विक्रीकराचा परतावा, पुढे करमाफी किंवा करस्थगिती, विद्युत शुल्कातून सूट, जकातीचा परतावा असे लाभ देऊ केले गेले. महामंडळाने जमीन, रस्ते, पाणी आणि वीज यांची तजवीज करावयाची होती. रत्नागिरीजवळ मिरजोळे येथे औद्योगिक वसाहत झाली, तेथे मासळी प्रक्रियेचे कारखानेही उभे राहिले; हे यश नाकारण्याचे कारण नाही. परंतु मोठ्या स्वप्नांची गत वेगळी झाली. सार्वजनिक क्षेत्रातील अॅल्युमिनियम प्रकल्पासाठी शहरालगतची जमीन संपादित झाली, आणि प्रकल्प उभा राहिला नाही. त्याच जमिनीपैकी सुमारे ५०० एकर १९९२ मध्ये स्टरलाइटच्या तांबे प्रकल्पाला देण्यात आली. आंबा आणि मासळी या दोहोंच्या नावाने आंदोलन उभे राहिले. जुलै १९९३ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी बांधकाम थांबविण्याचा आदेश दिला. प्रकल्प तमिळनाडूत तुतिकोरिनला गेला. तेथे २२ मे २०१८ रोजी आंदोलकांवर झालेल्या गोळीबारात १३ जण मृत्युमुखी पडले आणि त्यानंतर तो कारखाना बंद झाला. ‘रत्नागिरीने उद्योग घालवला’ हे वाक्य उच्चारण्यापूर्वी हा उत्तरार्ध आठवावा, एवढेच आमचे म्हणणे.

आता मिरकरवाड्याला मिळालेली सवलत पाहू. यांत्रिक नौकांच्या डिझेलवरील राज्याचा विक्रीकर, २००५ नंतरचा मूल्यवर्धित कर, मच्छीमार सहकारी संस्थांच्या मार्फत परत केला जातो. यालाच किनाऱ्यावर ‘डिझेल परतावा’ म्हणतात. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तरी डिझेल त्याच्या बाहेरच राहिल्याने ही व्यवस्था टिकून आहे. वरवर पाहता कारखान्याला करसवलत आणि नौकेलाही करसवलत, म्हणजे न्याय झाला. परंतु दोहोंतील काळाची दिशा तपासावी. करस्थगितीत कारखानदार गिऱ्हाइकाकडून विक्रीकर वसूल करतो, तो काही वर्षे बिनव्याजी वापरतो आणि मग हप्त्यांनी शासनाला देतो. परताव्यात नौकामालक डिझेल घेतानाच पूर्ण किंमत मोजतो आणि मग प्रस्ताव, पडताळणी, तरतूद या मार्गाने त्याचे पैसे त्याच्याकडे परत येण्याची वाट पाहतो. पहिल्या व्यवहारात शासन उद्योजकाला कर्ज देते, दुसऱ्यात मच्छीमार शासनाला. शब्द एकच, ‘सवलत’. पण एकाला विश्वासाने दिलेली, दुसऱ्याला संशयाने. खारवण्याच्या आवाराचे कुंपण येथे कागदाचे झाले आहे.

याची दुसरी बाजू लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. डिझेलवरील सवलत स्वभावतःच अधिक डिझेल जाळणाऱ्याकडे अधिक जाते. लहान होडीवाल्यापेक्षा मोठ्या इंजिनाच्या मालकाला तिचा लाभ मोठा. समुद्रातील मासळी मात्र सवलतीने वाढत नाही. पर्ससीन जाळ्यांवरून पारंपरिक आणि यांत्रिक मच्छीमारांत जो संघर्ष पेटला आणि ज्यातून ५ फेब्रुवारी २०१६ चा निर्बंधांचा शासन आदेश निघाला, त्याची मुळे शोधताना सवलतींचा हा कल विसरून चालणार नाही. आणि लिलावातून पाटी उचलून शहरात मासे विकणारी बाई? मिठाच्या काळात ती कुंपणाबाहेर होती. तिच्या पाटीत डिझेल जळत नाही, तेव्हा परताव्यातही तिचा रकाना नाही.

२०२५ मध्ये या इतिहासाला दोन नोंदी जोडल्या गेल्या. जानेवारीत मिरकरवाडा बंदराच्या जागेवरील अनधिकृत ठरविलेली बांधकामे पाडण्यात आली. २२ एप्रिल रोजी राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषी क्षेत्राचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, आणि वीजदरातील सवलतीचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला. हा दुसरा निर्णय महत्त्वाचा आहे, कारण बर्फाच्या लादीची किंमत ही मुख्यतः विजेची किंमत असते आणि मिठाची जागा आता बर्फाने घेतली आहे. परंतु त्यातील शब्दयोजनाही वाचण्यासारखी आहे. इंजिने, शीतगृहे आणि निर्यात असलेला हा व्यवसाय इतक्या वर्षांनी सवलतीस पात्र ठरला तो ‘उद्योग’ म्हणून नव्हे, ‘शेती’ म्हणून.

साहित्याच्या अभ्यासकांचे येथे काय काम, असा प्रश्न कोणी विचारील. आम्हांस वाटते, काम आहेच. कौलनामा, मीठखात्याचा नियम, प्रोत्साहन योजनेचा शासन निर्णय, परताव्याचा अर्ज ही सारी गद्यलेखनेच आहेत. त्यांत कर्ता कोण, कर्म कोण आणि कोणाचा उल्लेखच नाही, हे व्याकरण तपासण्याची सवय आपल्याला आहे. कोकणाच्या कादंबरीतील खोत, पोफळीची बाग आणि मुंबईची मनीऑर्डर आपण बारकाईने वाचली. मिरकरवाड्याच्या धक्क्यावर पहाटे उतरणारी पाटी कोणत्या कागदात कोणत्या नावाने नोंदली जाते, हेही आता वाचावयास हवे.