शेअर ठेवायचा की विकायचा? लाँग टर्म गुंतवणुकीत निर्णय कसा घेतात

पडघ्यात मुंबई-नाशिक महामार्गाला लागून कुणाची एकरभर जमीन असेल, तर तो तिचा भाव रोज सकाळी उठून बघत नाही. आजूबाजूला गोदामं उभी राहिली, जवळच्या आमणेपर्यंतचा समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला सुरू झाला, म्हणजे काहीतरी बदललं, तेव्हा तो विचार करतो. किंवा घरात लग्न निघालं तर. शेअरचा भाव मात्र सकाळी 9:15 पासून दुपारी 3:30 पर्यंत मोबाइलवर हलत राहतो आणि तो हलला की बोटं शिवशिवतात. लाँग टर्म गुंतवणुकीतले बरेचसे चुकीचे निर्णय इथूनच सुरू होतात.

अमळनेरचं उदाहरण, आणि त्यातली मेख

‘विकू नका’ म्हणणारे जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरचं नाव हमखास घेतात. 1945 मध्ये तिथे वनस्पती तूप बनवणारी कंपनी सुरू झाली, तीच आजची विप्रो. गावातल्या अनेक कुटुंबांनी तिचे शेअर्स पिढ्यान्पिढ्या सांभाळले. अगदी अलीकडचा हिशोब धरला तरी, 2017 च्या बोनसआधी ज्याच्याकडे 300 शेअर्स होते त्याचे बोनसनंतर 600, 2019 च्या बोनसनंतर 800 आणि 2024 च्या बोनसनंतर 1,600 झाले. (बोनस मिळाला की भाव त्याच प्रमाणात खाली येतो, त्यामुळे फक्त शेअर्सचा आकडा बघून हुरळून जाऊ नये.)

पण अमळनेरकरांना फळ मिळालं ते नुसतं थांबल्यामुळे नाही. तुपाची कंपनी वेळेत कॉम्प्युटर आणि सॉफ्टवेअरकडे वळली आणि नफा वाढत गेला, म्हणून थांबणं कामी आलं.

याच्या उलट उदाहरण डीएचएफएलचं. 21 सप्टेंबर 2018 ला हा शेअर एका दिवसात 40 टक्क्यांहून जास्त पडला. ‘स्वस्तात मिळतोय’ म्हणून घेणारेही होते. नोव्हेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने कंपनीचं संचालक मंडळ बरखास्त केलं. जून 2021 मध्ये शेअर बाजारातून काढला गेला आणि सामान्य भागधारकाच्या हाती शून्य आलं.

मग फरक कसा ओळखायचा?

आधी पडझड कशाची आहे ते बघा. 23 मार्च 2020 ला सेन्सेक्स एका दिवसात 3,900 हून जास्त अंकांनी कोसळला, तेव्हा चांगले-वाईट सगळेच शेअर्स पडले. अशा वेळी विकणाऱ्यांचंच जास्त नुकसान झालं. बाजार स्थिर असताना एकटी आपलीच कंपनी पडत असेल, तर मात्र कारण शोधावंच लागतं. प्रवर्तकांनी गहाण ठेवलेले शेअर्स वाढताहेत का, ऑडिटरने मध्येच राजीनामा दिला का, नफा दिसतो पण रोख येत नाही असं आहे का, कर्ज फुगतंय का? यातली बरीच माहिती बीएसई आणि एनएसईच्या वेबसाइटवर फुकट मिळते.

‘खरेदीच्या भावाला आला की विकेन’ हा विचार सर्वात महाग पडतो. 50 टक्के पडलेला शेअर मूळ भावाला यायला 100 टक्के वाढावा लागतो, 80 टक्के पडलेला 400 टक्के. आपण कितीला घेतला हे कंपनीला माहीत नसतं.

विकण्याची चांगली कारणंही असतात. घर, शिक्षण, आजारपण यासाठी पैसे हवे असणं हे त्यातलं पहिलं. दोन-तीन वर्षांत लागणारी रक्कम शेअर्समध्ये अडकवून ठेवू नये. एकच शेअर वाढत वाढत निम्मा पोर्टफोलिओ झाला असेल, तर थोडा विकणं हाही शहाणपणाच.

करातला मोठा फरक

12 महिन्यांहून जास्त ठेवलेल्या लिस्टेड शेअरच्या नफ्यावर 23 जुलै 2024 पासून 12.5 टक्के कर आहे, पण आर्थिक वर्षात 1.25 लाखांपर्यंतचा नफा करमुक्त. त्याआधी विकलं तर दर 20 टक्के. समजा 3 लाख नफा आहे. सगळं एकाच वर्षात विकलं, तर सेससह 22,750 रुपये कर. अर्धं मार्चमध्ये आणि अर्धं एप्रिलमध्ये विकलं, तर दोन वर्षांचे मिळून 6,500. शेअर वेगवेगळ्या तारखांना घेतले असतील, तर डीमॅटमधले आधी घेतलेले आधी विकले असं धरलं जातं.

आजोबांच्या ट्रंकेत कागदी सर्टिफिकेट सापडलं तर प्रश्न वेगळा. एप्रिल 2019 पासून कागदी शेअर्स दुसऱ्याला विकता येत नाहीत, आधी डीमॅट करावे लागतात. आणि सलग सात वर्षं लाभांश घेतलाच नसेल, तर ते शेअर्स केंद्र सरकारच्या आयईपीएफ या निधीत गेलेले असू शकतात. ते परत मिळतात. त्यासाठी आयईपीएफ-5 हा ऑनलाइन फॉर्म भरायचा आणि कागदपत्रं कंपनीकडे पाठवायची.