घातक कचरा, सरकारी अनुदान आणि हुबळी-धारवाडचा प्रश्न

हुबळी आणि धारवाड ही सुमारे वीस किलोमीटर अंतरावरील दोन शहरे १९६२ मध्ये एका महानगरपालिकेच्या छत्राखाली आली. २०११ च्या जनगणनेनुसार या जोडशहराची लोकसंख्या ९ लाख ४३ हजारांहून अधिक होती. दक्षिण पश्चिम रेल्वेचे मुख्यालय व जुनी रेल्वे कार्यशाळा, वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळाचे मुख्यालय, गोकुळ रोड, तारिहाळ आणि बेलूर येथील औद्योगिक वसाहती, धारवाडजवळचा टाटा मोटर्सचा कारखाना आणि गल्लोगल्ली पसरलेली गॅरेजे असा या शहराचा औद्योगिक व्याप आहे. अशा शहरात जळके तेल, शिशाच्या बॅटऱ्या, रंगाचा व धातुकामाचा गाळ, तेलाने माखलेल्या चिंध्या व फिल्टर आणि मोडीत निघालेली इलेक्ट्रॉनिक उपकरणे हा रोजचाच कचरा असतो. त्याची विल्हेवाट लावण्यासाठी आणि त्यातून उपयुक्त द्रव्ये परत मिळवण्यासाठी केंद्र सरकारने अनुदानाच्या अनेक योजना आखल्या आहेत. तरीही या योजनांचा पैसा कचऱ्याच्या प्रवासातील नेमक्या कोणत्या टप्प्यावर पोहोचतो, हे पाहिल्यावर अशा मध्यम शहरांची अडचण ध्यानात येते.

कायद्याची चौकट

केंद्र सरकारने एप्रिल २०१६ मध्ये घातक व इतर कचरा व्यवस्थापन नियम अधिसूचित केले. कोणता कचरा घातक मानावा, हे ठरवण्यासाठी त्यांच्या पहिल्या अनुसूचीत ३८ प्रकारच्या औद्योगिक प्रक्रिया दिल्या आहेत. कचऱ्याच्या हाताळणीचा अग्रक्रमही या नियमांनी घालून दिला. कचरा निर्माणच होऊ न देणे, त्याचे प्रमाण कमी करणे, पुनर्वापर, पुनर्चक्रीकरण, द्रव्य किंवा ऊर्जा यांची पुनर्प्राप्ती आणि सर्वांत शेवटी सुरक्षित विल्हेवाट, असा तो क्रम आहे. भूमिभरण किंवा जाळणे हा अखेरचा उपाय आहे.

कारखानदाराला असा कचरा आपल्या आवारात साधारणतः ९० दिवसांपर्यंतच साठवता येतो. विशिष्ट परिस्थितीत प्रदूषण नियंत्रण मंडळ ही मुदत वाढवू शकते. कचरा बाहेर पाठवताना सात प्रतींचे वाहतूकपत्र भरावे लागते. त्यामुळे पाठवणारा, वाहून नेणारा आणि स्वीकारणारा या तिघांची नोंद राहते.

याच नियमांच्या पाचव्या कलमात राज्य सरकारांवर एक महत्त्वाची जबाबदारी टाकली आहे. सध्याच्या आणि होऊ घातलेल्या औद्योगिक वसाहतींत घातक कचऱ्याचे पुनर्चक्रीकरण व पूर्वप्रक्रिया यांसाठी जागा किंवा शेड राखून ठेवणे, तसेच या कामातील मजुरांची नोंदणी, प्रशिक्षण आणि आरोग्य तपासणी यांची व्यवस्था करणे, हे राज्यांचे कर्तव्य ठरवले आहे. सार्वजनिक चर्चेत या कलमाचा उल्लेख क्वचितच होतो.

अंतराचे गणित

कर्नाटकातील घातक कचऱ्याचे प्रमुख सामायिक भूमिभरण केंद्र बेंगळुरूच्या वायव्येस डाबसपेठ येथे आहे. हुबळीपासून ते सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर आहे. मोठा कारखाना टँकर किंवा ट्रक भरण्याइतका माल साठवून तो पाठवू शकतो. तीन महिन्यांत जेमतेम एखादे पिंप जळके तेल साठणाऱ्या गॅरेजवाल्याला वा लहान कारखानदाराला ही वाहतूक परवडत नाही. मग दारावर येऊन रोख पैसे मोजणारा भंगारवाला त्याला सोयीचा वाटतो.

या सोयीची किंमत दुसरेच कोणी तरी मोजते. उघड्यावर फोडलेल्या बॅटरीतील आम्ल गटारात जाते आणि शिशाची भुकटी मजुराच्या कपड्यांवाटे त्याच्या घरात, मुलांपर्यंत पोहोचते. जळके तेल वीटभट्टीत इंधन म्हणून जाळले की त्यातील जड धातू धुरावाटे पसरतात. हीच बॅटरी नोंदणीकृत कारखान्यात गेली तर तिच्यातले बहुतांश शिसे पुन्हा वापरात येते, आणि जळके तेल शुद्ध केल्यावर त्यापासून पुन्हा वंगणाचे मूळ तेल मिळते. माल तोच असला तरी तो कोणत्या वाटेने जातो, यावर तो संपत्ती ठरणार की विष, हे अवलंबून असते.

घाट उतरण्याआधी बागलकोट आणि कलबुर्गी या उत्तर कर्नाटकातील जिल्ह्यांकडेही पाहायला हवे. तेथे सिमेंटचे मोठे कारखाने आहेत. सिमेंटच्या भट्टीत द्रव्याचे तापमान १४०० अंश सेल्सिअसच्या वर जाते, त्यामुळे ठरावीक प्रकारचा गाळ व टाकाऊ रसायने इंधनाला पूरक म्हणून तेथे जाळता येतात. मात्र त्याआधी कचरा तपासून, मिसळून त्याची उष्णता व आर्द्रता एकसारखी करावी लागते. हे काम करणारी पूर्वप्रक्रिया केंद्रे कचरा निर्माण होणाऱ्या शहरांजवळ असली, तरच हा मार्ग किफायतशीर ठरतो.

अनुदान कशासाठी मिळते?

केंद्रीय मंत्रिमंडळाने ३ सप्टेंबर २०२५ रोजी राष्ट्रीय दुर्मीळ व महत्त्वाची खनिजे मोहिमेंतर्गत १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. २०२५-२६ ते २०३०-३१ या काळासाठीची ही योजना ई-कचरा, लिथियम-आयन बॅटऱ्यांचे भंगार आणि तत्सम स्रोतांतून महत्त्वाची खनिजे परत मिळवणाऱ्या उद्योगांसाठी आहे. ठरलेल्या मुदतीत उत्पादन सुरू करणाऱ्यांना यंत्रसामग्रीच्या खर्चावर २० टक्के भांडवली अनुदान मिळते. विक्रीत अपेक्षित वाढ झाल्यास उत्पादन खर्चासाठीही साहाय्य मिळते. त्यातील ४० टक्के दुसऱ्या वर्षी व उरलेले ६० टक्के पाचव्या वर्षी दिले जाते. एकूण प्रोत्साहनाची मर्यादा मोठ्या उद्योगाला ५० कोटी आणि लहान उद्योगाला २५ कोटी रुपये आहे. एक तृतीयांश निधी लहान व नव्या उद्योगांसाठी राखीव आहे. या योजनेतून वर्षाला २ लाख ७० हजार टन पुनर्चक्रीकरणाची क्षमता उभी राहावी, अशी सरकारची अपेक्षा आहे.

या योजनेत एक अट आहे. बॅटऱ्या मोडून, दळून मिळणारी काळी भुकटी उद्योगात ‘ब्लॅक मास’ म्हणून ओळखली जाते. केवळ ही भुकटी तयार करणाऱ्या उद्योगाला अनुदान मिळत नाही, प्रत्यक्ष खनिज वेगळे काढणाऱ्यालाच ते मिळते. खनिजांची आयात कमी करायची असेल तर ही अट तर्काला धरून आहे. मात्र खनिज काढण्याचा कारखाना चालण्यासाठी प्रचंड कच्चा माल लागतो आणि तो देशात मोजक्याच ठिकाणी उभा राहू शकतो. हुबळी-धारवाडसारख्या शहराला साजेसा उद्योग संकलनाचा, वर्गीकरणाचा, सुटे भाग वेगळे करण्याचा आणि दळण्याचा आहे. नेमका तोच या योजनेच्या कक्षेबाहेर राहतो.

लघुउद्योगांसाठी सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाची ‘स्पाइस’ ही योजना डिसेंबर २०२३ पासून आहे. प्लास्टिक, रबर आणि ई-कचरा या क्षेत्रांतील प्रकल्पांना कर्जाशी निगडित २५ टक्के भांडवली अनुदान तीत मिळते आणि त्याची कमाल मर्यादा साडेबारा लाख रुपये आहे. सुटे भाग वेगळे करणाऱ्या एखाद्या लहान शेडला हा आधार उपयोगी पडतो. तथापि जळके तेल किंवा कारखान्यातील गाळ यांची ही योजना नव्हे.

महानगरपालिकेच्या वाट्याला

१ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात घनकचऱ्यासाठी केंद्राचा वाटा शहराच्या लोकसंख्येनुसार ठरतो. एक लाखाखालील शहरांना ५० टक्के, एक ते दहा लाखांच्या शहरांना ३३ टक्के आणि त्यापुढील शहरांना २५ टक्के. २०११ च्या जनगणनेचा आधार धरल्यास हुबळी-धारवाड मधल्या गटात बसते. हा निधी प्रामुख्याने नागरी कचऱ्याच्या प्रक्रियेसाठी आणि जुन्या कचराकुंड्यांचे ढीग हटवण्यासाठी आहे.

घरगुती घातक कचऱ्याचे काय, याचे उत्तर २०१६ च्या घनकचरा नियमांनी दिले होते. बॅटऱ्या, ट्यूबलाइट, रंगाचे डबे, कीटकनाशकांच्या बाटल्या व मुदत संपलेली औषधे स्वीकारण्यासाठी दर २० चौरस किलोमीटर क्षेत्राला एक केंद्र असावे आणि तेथे जमा झालेला कचरा सुरक्षितपणे विल्हेवाट केंद्राकडे पाठवावा, असे बंधन स्थानिक संस्थांवर घालण्यात आले. हुबळी-धारवाडचे क्षेत्रफळ १८० चौरस किलोमीटरांहून अधिक आहे, म्हणजे या हिशेबाने तेथे किमान दहा केंद्रे लागतात. ती उभारण्याचा खर्च फारसा नाही. दहा केंद्रांवरील माणसे, कुलूपबंद पेट्या आणि साडेतीनशे किलोमीटरांची वाहतूक हा मात्र वर्षानुवर्षे करावा लागणारा खर्च आहे आणि भांडवली अनुदानातून तो भागत नाही.

उत्पादकाची जबाबदारी

हा आवर्ती खर्च उचलण्यासाठी उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीचे तत्त्व आणले गेले. २०२२ च्या बॅटरी नियमांनुसार इलेक्ट्रिक वाहनांच्या व हातातील उपकरणांच्या बॅटऱ्यांतून २०२६-२७ पासून ९० टक्के द्रव्ये परत मिळवणे बंधनकारक आहे. वाहनांच्या नेहमीच्या व औद्योगिक बॅटऱ्यांसाठी हे प्रमाण ६० टक्के आहे. एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्यासाठी व एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या तेलासाठीही अशीच व्यवस्था लागू झाली. उत्पादक स्वतः कचरा गोळा करत नाहीत. ते नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण कारखान्याकडून प्रमाणपत्रे विकत घेतात. हा पैसा कारखान्याच्या दाराशी पोहोचतो आणि तेथून मागे सरकत हुबळीच्या गॅरेजपर्यंत यावा, अशी अपेक्षा असते. जेथे कारखाना जवळ असतो तेथे ती बऱ्याच अंशी पूर्ण होते. कारखाना दूर असल्यास वाटेतला वाहतूकखर्च ती रक्कम गिळून टाकतो.

गोव्यासाठी संदर्भ

गोव्याचे चित्र काही बाबतींत वेगळे आहे. सत्तरी तालुक्यात पिसुर्ले औद्योगिक वसाहतीत घातक कचऱ्याचा सामायिक प्रकल्प आहे, त्यामुळे अंतराची अडचण येथे सौम्य आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्यातील एकाही पालिकेची लोकसंख्या लाखावर नव्हती, म्हणून स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात गोव्यातील पालिका ५० टक्क्यांच्या गटात मोडतात. मात्र द्रव्य परत मिळवण्याच्या बाबतीत दोघांची स्थिती सारखी आहे. मोठा कारखाना चालेल एवढा कचरा गोव्यातही जमत नाही आणि हुबळी-धारवाडातही एकट्याने जमणार नाही. गोवा, बेळगाव, हुबळी-धारवाड आणि कारवार हा पट्टा महामार्ग व रेल्वेने आधीच जोडलेला आहे. या पट्ट्यातील जळके तेल, बॅटऱ्या आणि ई-कचरा एकत्र मोजला तर संकलन व पूर्वप्रक्रियेच्या एखाद्या सामायिक केंद्राला पुरेसा आधार मिळू शकतो. घातक कचरा राज्याबाहेर नेताना दोन्ही राज्यांच्या प्रदूषण नियंत्रण मंडळांना सामील करावे लागते, त्यामुळे असा विचार प्रथम त्यांच्या पातळीवर व्हावा लागेल.

त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. औद्योगिक वसाहतीत शेड राखून ठेवण्याची तरतूद २०१६ पासूनच आहे आणि संकलन केंद्रांचा मापदंडही त्याच वर्षी ठरला. अनुदानाच्या पुढील योजना आखताना संकलन, साठवण आणि पहिल्या टप्प्यातील वाहतूक यांच्या खर्चाला त्यात स्थान मिळाले, तर जळक्या तेलाचे ते एक पिंप वीटभट्टीऐवजी शुद्धीकरण कारखान्यात पोहोचण्याची शक्यता बरीच वाढेल.